ऑनलाइन अभ्यासक्रमांतील ध्वनिमुद्रणे : मराठीच्या अध्यापनाच्या दृष्टीने एक परीक्षण

१

विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणण्याचा आपला प्रघात विद्या ही कानावाटे येते या जुन्या समजुतीचा निदर्शक आहे. वेदपाठाची संथा, पुराणिकाचे निरूपण, हरिदासाचे कीर्तन या सर्वांत ज्ञानाचे संक्रमण श्रवणाच्या द्वारे होत असे. विद्यापीठांनी आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांवर लिखित पाठांच्या जोडीला ध्वनिमुद्रणे ठेवण्यास प्रारंभ केला, तेव्हा जुनी श्रुतिपरंपरा नव्या साधनाने पुनरुज्जीवित होत असल्याचा अभिप्राय व्यक्त होणे म्हणूनच स्वाभाविक होते.

तथापि हा अभिप्राय तपासून घेतला पाहिजे. संथा देणारा गुरू केवळ बोलत नसे. तो ऐकतही असे. शिष्याचा स्वर चुकला, मात्रा तुटली की तो तेथल्या तेथे थांबवून पुन्हा म्हणवून घेत असे. कीर्तनकारदेखील श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून आख्यान लांबवी किंवा आवरते घेई. ध्वनिमुद्रणाच्या ठिकाणी हा दुसरा अर्धा भाग नाही. ते बोलते, परंतु ऐकत नाही. श्रुतिपरंपरेशी असलेले त्याचे साम्य बाह्य आहे. त्याची खरी जवळीक छापील ग्रंथाशीच आहे, कारण ग्रंथाप्रमाणेच तेही एकदा निश्चित झाले म्हणजे प्रत्येक वाचकापुढे त्याच स्वरूपात उभे राहते. जी शिस्त ग्रंथाच्या संपादनाला आपण आवश्यक मानतो, तीच ध्वनिमुद्रणाच्या संपादनाला का लावू नये, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्याच्या अभ्यासक्रमांची रचना दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन अशा चार अंगांची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येत असत. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. पदवीच्या अभ्यासाचा एवढा मोठा भाग ज्या साधनाने होऊ शकतो, त्या साधनातील ध्वनीची गुणवत्ता हा विभागांच्या विचाराचा विषय असलाच पाहिजे.

२

अभ्यासक्रमाला जोडली जाणारी ध्वनिमुद्रणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात अध्यापकाचे व्याख्यान येते. दुसऱ्या प्रकारात छापील पाठाचे, विशेषतः कवितेचे, वाचन येते. ज्याचा ध्वनी हाच अभ्यासाचा विषय आहे असे मूळ भाषण वा गायन तिसऱ्या प्रकारात येते. या तिन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे पुष्कळ गोंधळ झालेला दिसतो. म्हणून त्यांचा पृथक विचार करणे इष्ट होय.

व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणाचे समर्थन बहुधा सोयीच्या आधारावर केले जाते, आणि ती सोय खरी आहे. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने केलेले एका तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे २९ मेगाबाइट जागा घेते. चलत्‌चित्रासह तेच व्याख्यान सेकंदाला ५०० किलोबिट या बेताच्या दरानेही सुमारे २२५ मेगाबाइट होते. मोबाइलवरील मर्यादित डेटावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा जवळजवळ आठपटीचा भेद नगण्य नाही. प्रवासात किंवा हात कामात गुंतलेले असताना ऐकता येणे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ स्वतंत्रपणे उपलब्ध होणे, हेही लाभ निर्विवाद आहेत. १९७१ साली अध्यापनास प्रारंभ केलेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने रेडिओनंतर ध्वनिफितींचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला, त्याचेही एक कारण असेच होते. रेडिओ ठरलेल्या वेळी ऐकावा लागे. ध्वनिफीत विद्यार्थ्याला थांबवता येई, मागे नेता येई, आणि पुढ्यात छापील पान ठेवून ऐकता येई.

यातील शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उच्चारलेला शब्द क्षणात नाहीसा होतो. लिहिलेला शब्द डोळ्यांपुढे थांबतो. रिचर्ड मायर आणि रोक्साना मोरेनो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, चलत्‌चित्राच्या जोडीला पडद्यावर मजकूर देण्यापेक्षा तोच मजकूर आवाजात ऐकविल्यास विद्यार्थ्यांचे आकलन अधिक चांगले होते. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘ऐकविणे हे वाचविण्यापेक्षा श्रेष्ठ’ असा सरसकट सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो. परंतु त्या प्रयोगांतील मजकूर थोडका होता आणि डोळे चित्रात गुंतलेले होते, हे विसरून चालणार नाही. वेन लेही आणि जॉन स्वेलर यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, उच्चारलेला मजकूर लांब व गुंतागुंतीचा झाला म्हणजे हा लाभ नाहीसा होऊन परिणाम उलटा होतो; मागचे वाक्य मनात धरून ठेवण्यातच श्रोत्याची शक्ती खर्ची पडते.

मराठीच्या अभ्यासक्रमात याचा अर्थ उघड आहे. एखाद्या नाटकाच्या प्रयोगाचा इतिहास किंवा एखाद्या लेखकाचे चरित्र पन्नास मिनिटे ऐकता येईल. प्रयोगविचार, समासचक्र अथवा रससूत्रावरील मतमतांतरे पन्नास मिनिटे केवळ ऐकून समजावून घेणे कठीण आहे. कारण तेथे पुढचे पाऊल मागच्या पावलावर उभे असते. असे विषय आठ-दहा मिनिटांच्या खंडांत विभागून, प्रत्येक खंडाबरोबर टिपण देऊन मांडले पाहिजेत. वर्गात झालेले व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित करून संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे हस्तलिखिताची शुद्धप्रत न करता ते छापावयास देण्यासारखेच आहे. त्यात अध्यापकाचे श्रम वाचतात; विद्यार्थ्याचे वाढतात.

३

दुसरा प्रकार पाठवाचनाचा. कविता ही ऐकण्याची वस्तू असल्याने कवितेचे ध्वनिमुद्रण अभ्यासाला उपकारक ठरणारच, असे गृहीत धरले जाते. येथेही थोडा विवेक हवा.

वृत्तबद्ध कवितेचे वाचन दोन रीतींनी होऊ शकते. एका रीतीत गण, यती आणि लघुगुरुक्रम यांना अनुसरून चरण म्हटला जातो. दुसरीत वाक्याच्या अन्वयाला अनुसरून विराम घेतला जातो. चरणाचा शेवट आणि वाक्याचा शेवट एकत्र येतो तेथे दोहोंत विरोध नसतो. परंतु वाक्य चरण ओलांडून पुढे जाते, तेथे वाचकाला कोणत्या तरी एका बाजूला झुकावे लागते. हे झुकणे हा अर्थनिर्णयच असतो. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’पासून मराठीत छंदःशास्त्राचा जो विचार झाला, त्याचा उपयोग विद्यार्थ्याला नेमका या ठिकाणी व्हावयाचा असतो. संकेतस्थळावर एकच वाचन, तेही पार्श्वसंगीताने नटलेले, ठेवले म्हणजे हा निर्णय विद्यार्थ्याच्या वतीने आधीच होऊन जातो, आणि तो झाला आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. छापील पान मूक असल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतः वाचून पाहणे भाग पडत होते. त्याच्या मुखातून ते काम काढून घेतले जाते.

यावर कवीचे स्वतःचे वाचन दिले म्हणजे आक्षेप उरणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु कवीचे वाचन हा त्या कवितेसंबंधीचा मोलाचा पुरावा असला तरी अंतिम निर्णय नव्हे. कवी वयाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या श्रोत्यांपुढे वाचतो आहे यानुसार त्याचे वाचन बदलते. अनेक कवी आपल्या कविता एकसुरी वाचतात, आणि काही गाऊन म्हणतात. त्यामुळे त्या कविता एकसुरी किंवा गेय ठरत नाहीत.

यावरील उपाय खर्चिक नाही. एका कवितेची निदान दोन भिन्न वाचने शेजारी शेजारी ठेवावीत, त्यांत संगीत मिसळू नये, आणि दोहोंतील विराम कोठे भिन्न पडले आहेत व त्याने अर्थात काय फरक पडला, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवावा. मग तेच ध्वनिमुद्रण अर्थ लादण्याऐवजी अर्थविचाराला प्रवृत्त करील. त्याही पुढे जाऊन विद्यार्थ्याने स्वतःचे वाचन मुद्रित करून अध्यापकाकडे पाठविण्याची सोय केली, तर संथेतील हरवलेला दुसरा भाग काही अंशी परत मिळेल.

४

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा असून त्याचीच आतापर्यंत सर्वाधिक उपेक्षा झाली आहे. येथे ध्वनी हे शब्द पोहोचविण्याचे वाहन नसून तोच अभ्यासाचा विषय असतो. त्याच्यावाचून पाठ पुराच होऊ शकत नाही.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे असे म्हणण्याची चाल आहे. मराठीपुरते हे विधान सदोष आहे. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य जकाराने उच्चारला जातो. ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप ‘जग’ दंतमूलीय जकाराने उच्चारले जाते. लिपीत दोन्ही एकच. ‘माझा’ आणि ‘माझी’ ही एकाच सर्वनामाची रूपे, परंतु त्यांतील झकार एक नव्हे. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ हे लेखनात वेगळे ठेवण्याची दक्षता घेतली जाते, पण सामान्य बोलण्यात हा ऱ्हस्वदीर्घभेद सहसा उरत नाही. लिपी जेथे भेद दाखवीत नाही तेथे तो आहे, आणि जेथे दाखविते तेथे तो नाही, ही गोष्ट वर्णनाने सांगता येते. पण ती पटते ती ऐकल्यावर. मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला हा भेद सवयीने परिचित असतो. मराठी ही ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, अथवा जो परदेशात राहून ती शिकत आहे, त्याच्यापुढे ध्वनिमुद्रणावाचून दुसरा मार्गच नसतो.

बोलीभाषांच्या अभ्यासात तर हे विशेषच खरे आहे. ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीसंबंधीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या, आणि त्या आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयामार्फत महाजालावर ऐकावयास मिळतात. शंभर वर्षांपूर्वीचा आवाज विद्यार्थ्याच्या घरात पोहोचावा ही थोर गोष्ट आहे. परंतु हे साहित्य अभ्यासक्रमाला जोडताना त्याच्या दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की, बायबलातील उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या भाषांत भाषांतरित करून घेण्याची पद्धत तेथे अनुसरली होती. तुलनेला ती सोयीची असली तरी भाषांतरित कथेची वाक्यरचना म्हणजे त्या बोलीतील सहज संभाषण नव्हे. दुसरी मर्यादा यंत्राची. १९२५ पर्यंत विद्युत्‌पद्धतीचे ध्वनिमुद्रण प्रचारात आले नव्हते. यांत्रिक पद्धतीत उच्च कंपनसंख्येचे ध्वनी फार थोडे उतरत. सकार आणि चवर्गातील घर्षणयुक्त व्यंजने यांचा विशेष नेमका याच उच्च कंपनांत असतो. म्हणून त्या तबकड्यांच्या आधारे एखाद्या बोलीत दंतमूलीय चकार होता की तालव्य, याचा निर्णय करू पाहणारा विद्यार्थी फसण्याचा संभव आहे.

यंत्राची ही मर्यादा भूतकाळात जमा झाली, असेही नाही. जुन्या दूरध्वनीच्या वाहिनीतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्या जातात. अशा रीतीने मुद्रित केलेली, किंवा अतिशय संकोचन केलेली फाइल व्याख्यानाला पुरेशी असते. ध्वनिविचाराला ती निरुपयोगी होय. सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येकी १६ बिट या मानाने केलेले एकमार्गी असंकोचित मुद्रण मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेते. पाच-सात सेकंदांच्या उदाहरणांना ही जागा मुळीच अधिक नाही. व्याख्यान हलके असावे आणि उदाहरण जड असले तरी चालावे, हा साधा नियम. प्रत्यक्षात अभ्यासक्रमाच्या सर्वच फाइली एकाच मानाने संकोचित केल्या जातात, आणि त्यात ज्याचे नुकसान होऊ नये त्याचेच होते.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे जे खंड सिद्ध केले, त्यांत कुडाळी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी इत्यादींचे वर्णन ध्वनिलिपीत नोंदविलेल्या मजकुरासह आले. त्या खंडांच्या वाचकाला वारलीचा आवाज स्वतःच्या कल्पनेने उभा करावा लागे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे हाती घेतलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात बोलीविशेषांचे नकाशे आणि ध्वनिमुद्रणे महाजालावर उपलब्ध झाली आहेत. घाटग्यांचे वर्णन व आजचे ध्वनिमुद्रण एकत्र ठेवून दोहोंमधील अंतराचा शोध घेणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी तयार असलेला पाठ होय. तो बांधावयाचे काम मात्र विभागांचे आहे; नुसता दुवा दिल्याने ते होत नाही.

५

ध्वनिमुद्रणाने मिळते काय आणि हरवते काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या क्रमशः प्रसिद्ध होऊ लागल्या.

पाठ्यपुस्तकात ओवी दोन-तीन ओळींत संपते. गळ्यावरची ओवी तशी संपत नाही. गाणारी अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ अशी संबोधने पेरते, श्वासासाठी थांबते तेथे शब्दही तुटतो, आणि सोबतीण असेल तर ती पुढचा भाग उचलते. ओळीची लांबी कागदाने ठरत नाही. जात्याच्या फेऱ्याने आणि श्रमाने ठरते. हे ऐकल्यावर ‘ओवी हा अक्षरसंख्येचे बंधन सैल असलेला छंद’ या व्याख्येतील सैलपणाचे कारण विद्यार्थ्याला प्रथमच उमगते. ध्वनिमुद्रण येथे पाठाचे भूषण नाही. तोच पाठ आहे.

म्हणूनच त्याच्या संपादनातील हयगय येथे अधिक खटकते. उपर्युक्त संकेतस्थळावर ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि मुद्रणाचा काळ दिलेला असतो. तीच ओवी अभ्यासक्रमाच्या पानावर ‘लोकगीत : नमुना’ अशा शीर्षकाखाली, नावगावावाचून ठेवली तर तिचे पुरावा म्हणून मूल्य जवळजवळ नाहीसे होते. मुळशीची ओवी परभणीची म्हणून ऐकली गेली तर तिच्यावर आधारलेला प्रत्येक बोलीविषयक निष्कर्ष खोटा ठरेल.

दुसरी हयगय लिप्यंतराची. महाजालावरील साहित्य सर्वांना उपयोगी पडावे यासाठी २००८ मध्ये सिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ध्वनिमुद्रणाबरोबर लिखित प्रत देणे ही अगदी प्राथमिक अट आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याला तिच्यावाचून तो पाठ बंदच राहतो. परंतु लिखित प्रत करताना ‘व्हता’ चे ‘होता’ आणि ‘न्हाई’ चे ‘नाही’ केले जाते, तेव्हा कान एक सांगतो आणि डोळा दुसरे. विद्यार्थी लिखितावर विश्वास ठेवतो, कारण लिखित हेच शुद्ध असे त्याच्या मनावर बालपणापासून बिंबलेले असते. अशा प्रतीने ध्वनिमुद्रणाची साक्षच खोडून निघते. जसे ऐकू येते तसे एक, आणि आवश्यक तेथे प्रमाण भाषेतील अर्थ दुसरा, असा दुहेरी पाठ दिल्यावाचून हे काम पुरे झाले असे मानता येणार नाही.

तिसरी गोष्ट हक्काची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कलाविष्काराबरोबर आपले नाव दिले जावे हा कलावंताचा नैतिक हक्कही कायद्यात आला. केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण हक्काचा भंग ठरत नाही, अशी सवलत कायदा देतो. परंतु चार भिंतींतील वर्ग आणि जगाला खुले असलेले पान यांत अंतर आहे. पहाटे जात्यापाशी बसलेल्या स्त्रीने सासरचा जाच, भावाची वाट, मेलेले मूल यांविषयी जे म्हटले, ते म्हणताना समोर श्रोता नसे. असलीच तर तिच्याच दुःखाची वाटेकरीण दुसरी स्त्री असे. ते शब्द आता अपरिचितांच्या अमर्याद समुदायापुढे ठेवायचे असतील, तर तिची संमती आणि तिचे नाव ही तांत्रिक बाब नव्हे. लेखकाच्या नावावाचून कविता छापणे आपण अक्षम्य मानतो. गाणारीच्या नावावाचून ओवी ऐकविणे तितकेच अक्षम्य मानले जात नाही, याचे कारण अक्षरओळख नसलेल्याला कर्तृत्व नसते, ही अघोषित समजूत होय. वाङ्मयाच्या विभागानेच ती समजूत पुढे चालवावी, हे उचित नाही.

६

या सर्व अपेक्षांवर एक व्यावहारिक आक्षेप संभवतो. विभागांत अध्यापक थोडे, तंत्रसाहाय्य त्याहून थोडे. अशा स्थितीत लिप्यंतर, नोंदी, संमतिपत्रे आणि भिन्न मानाची मुद्रणे यांचा आग्रह धरला तर काहीच होणार नाही, आणि अपूर्ण का होईना पण काही असणे हे काहीच नसण्यापेक्षा बरे. हा आक्षेप क्षुल्लक नाही. व्याख्यानांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी मान्य करण्यास हरकत नसावी. टिपणासह ठेवलेले साधे मुद्रणही परगावच्या विद्यार्थ्याला आधार देते. परंतु मूळ ध्वनींच्या बाबतीत तो मान्य करता येत नाही. अपुरे व्याख्यान विद्यार्थ्याला थोडे कमी शिकविते. नावगाव नसलेला, प्रमाण भाषेत लिहून घेतलेला बोलीचा नमुना त्याला चुकीचे शिकविते. येथे संख्येचा लोभ सोडून दहा ओव्या, पण पूर्ण नोंदींसह, ठेवणे हेच श्रेयस्कर होय. शिवाय लिप्यंतर करणे हा बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्याचा उत्तम अभ्यास आहे. तीन विद्यार्थ्यांनी एकाच मुद्रणाचे स्वतंत्रपणे लिप्यंतर करून त्यांतील भेदांची चर्चा केली, तर संकेतस्थळाला प्रत मिळेल आणि विद्यार्थ्यांच्या कानांना वळण लागेल.

अभ्यासक्रमाच्या कोणत्या ठिकाणी ध्वनिमुद्रण असावे, याचा निर्णय एका प्रश्नाने होऊ शकतो : हा आवाज काढून घेतला आणि केवळ त्याचे शब्द ठेवले, तर अभ्यासविषयाची हानी होते काय? होत नसेल तर तेथे लेखन हेच मुख्य आणि ध्वनी साहाय्यक मानावा. होत असेल तर तेथे ध्वनी हाच मूळ ग्रंथ समजून त्याची प्रत, पाठभेद, कर्तृत्व आणि स्थलकाल यांविषयी हस्तलिखितांच्या संपादकाची दक्षता बाळगावी. मराठीच्या अभ्यासाने गेल्या शतकात पोथ्यांच्या बाबतीत ही दक्षता कष्टाने संपादन केली. बोलींचे आणि ओव्यांचे आवाज तिच्या कक्षेत आणणे हे विभागांपुढील पुढचे काम आहे, आणि ज्यांच्या कंठात ते आवाज आहेत ती पिढी वृद्ध झालेली असल्याने त्याला फार विलंब लावून चालणार नाही.